बारा हप्त्यांआधी दहा मिनिटं

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, ठाण्यात कोपरीला राहते. 2018 चा लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, विंडोज 10 बंद झालं, नवीनच घ्या. 58,000 रुपये, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय. नाहीतर 500 जीबीची एसएसडी 5,000, जादा रॅम 4,500, मजुरी 1,500. मला यातलं ओ की ठो कळत नाही. एफडी मोडून नवीन घेऊ का?

ताई, एफडी राहू द्या. मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याज कापतात, आणि तुमच्या अडीअडचणीचा पैसा तोच आहे.

ईएमआयचंही तसंच. व्याज सवलतीत वळतं करून दाखवतात, पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता. 15 टक्के दर धरला तर साधारण 800 रुपये, वर प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही, पण ‘नो कॉस्ट’ही नाही.

आता लॅपटॉप. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू) आय-5 8250यू आणि रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, 8 जीबी दिसते. त्या आकड्यातला पहिला 8 म्हणजे आठवी पिढी, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे विंडोज 11 चालतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट आहे, ते हो म्हणालं की विंडोज 11 सुद्धा फुकटच मिळेल. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले हे खरं, पण त्याने मशीन भंगारात जात नाही. दुकानदाराने अर्धंच सांगितलं.

कुकरची वाफ निसटायला लागली तर आपण आधी रिंग बदलतो, कुकर नाही. इथली रिंग कोणती ते बघू. लॅपटॉप सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’ उघडा. डिस्कपुढे एचडीडी लिहिलंय, आकडा 100 टक्क्यांना चिकटलाय आणि मेमरी, म्हणजे रॅम, मात्र निम्म्या-पाऊण भागातच आहे, असं दिसलं तर दोष त्या फिरत्या डिस्कचा. एसएसडी म्हणजे फाइली साठवणारी तशीच डिस्क, पण तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. रॅम आत्ता नकोच. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, आणि तुमच्या हिशेबाच्या शीट, पेन्शनची कामं, मुलाशी व्हिडिओ कॉल एवढ्याला 8 जीबी पुरते.

म्हणजे खर्च 6,500. माझा स्वतःचा ठोकताळा असा: जुन्या मशीनवर नव्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालायचं नाही. बिजागरी तुटलीय किंवा बॅटरी फुगलीय, तर मात्र हा बेत सोडा आणि दरमहा 4,000 चं रिकरिंग सुरू करा.

दुकानात ‘अपग्रेड करून द्या’ असं मोघम म्हणू नका. म्हणा, ‘जुनी डिस्क नव्या एसएसडीवर जशीच्या तशी क्लोन करून द्या, माझ्यासमोर.’ सगळं मिळून 400 जीबीच्या आत भरलेलं असेल तर 500 ची पुरेल. आदल्या रात्री फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. बिलावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

आणि जुनी डिस्क तिथे सोडू नका, पिशवीत टाकून घरी आणा. तुमचं पॅन, पासबुकांचे स्कॅन, सगळं अजून तिच्यातच असतं.