शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या प्रतिमांचा माग कसा काढायचा? रक्त म्हणजे अपराध, कपडे म्हणजे सत्ता असा तक्ता चालेल का?

तक्ता करू नका. दोन रकाने आखले की नाटक तिथंच मरतं. प्रतिमा कोणाच्या तोंडी आहे, केव्हा आहे आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललंय, एवढं बघत चला. रक्तच घ्या. पहिल्या अंकात जखमी शिपाई रक्तबंबाळ येतो आणि राजा त्याच्या जखमांचं कौतुक करतो. गादीसाठी मॅकबेथ त्याच राजाचा, डंकनचा, खून करतो, तेव्हा त्याची बायको लेडी मॅकबेथ म्हणते, थोडं पाणी लावलं की झालं. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत हात चोळते आणि अरबस्तानातली सगळी अत्तरं तिला पुरत नाहीत. तिन्ही ठिकाणी 'अपराध' लिहून कसं भागेल?

रक्तावर याहून जास्त लिहीत नाही, गाइडं त्यानेच भरलेली असतात. मला कपड्यांबद्दल बोलायचंय, कारण माझे वडील शिंपी होते.

एम.ए.ला सर आम्हाला कॅरोलाइन स्पर्जन शिकवत होते. या बाईंनी शेक्सपिअरच्या प्रतिमा अक्षरशः मोजल्या आणि १९३५च्या पुस्तकात दाखवलं की मॅकबेथमध्ये अंगाला न बसणारे कपडे सारखे येतात. शेवटाकडे अँगस नावाचा सरदार मॅकबेथबद्दल म्हणतो, राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी याची पदवी लोंबतेय. त्यावरून सरांनी फळ्यावर लिहून टाकलं, 'माणूस खुजा, पद मोठं.' विषय संपला.

सुट्टीत बार्शीला गेलो. लग्नसराई होती, दुकानात कपड्यांचा ढीग. काज-बटण करता करता मी अण्णांना ही सगळी गोष्ट सांगितली. मशीन न थांबवता त्यांनी विचारलं, "आधी बसत हुता का त्याला?"

"काय?"

"आरं, अंगरखा. आधी बसत हुता आन् आता ढगळ झाला, तर काय कापड वाढलं? कापड धुतल्यावर आटतं. मानूस वाळला आसंल."

रात्री पुस्तक काढून बसलो. पहिल्या अंकात मॅकबेथ रणदेवतेचा नवरा आहे, पक्क्या चिलखतात लपेटलेला. ते ढिलं होतंय असं तिथं कुणीही म्हणत नाही. मग कॉडॉरच्या सरदाराची पदवी त्याला मिळते आणि तो स्वतःच विचारतो, तो सरदार तर जिवंत आहे, मला उसने कपडे का चढवता? त्याचा साथीदार बँको म्हणतो, नवे कपडे वापरानेच अंगाला बसतात. दोघंही खरंच बोलतायत. आमच्याकडे लग्नापुरता मागून आणलेला कोट अल्टरला यायचा. अण्णा त्याला कधी कात्री लावत नसत. आतून कच्चे टाके घालायचे, म्हणजे परत देताना उसवता येतात. मॅकबेथने कात्री लावली. म्हणूनच पहिल्या अंकात जे 'उसने' होते, त्यासाठी पाचव्या अंकात 'चोर' हा शब्द येतो. आणि त्याच अंकात तो चिलखत मागतो. अजून गरज नाही, असं त्याचा नोकर सेटन सांगतो तरी चढवायला लावतो आणि पाचपंचवीस ओळींत म्हणतो, काढ ते! ट्रायलला उभं राहून असं करणारं गिऱ्हाईक मी पाहिलंय. त्याला कोटाचा त्रास नसतो.

हे सगळं मी सेमिनारमध्ये मांडलं. सरांनी विचारलं, "हे कोणी म्हटलंय?" मी म्हणालो, वडिलांनी. वर्ग हसला. "घरचा धंदा घरी ठेव," सर म्हणाले. वीसपैकी नऊ.

पुढे नोकरीत असताना क्लिअन्थ ब्रूक्स या अमेरिकन समीक्षकाचा निबंध हाती लागला, १९४७च्या पुस्तकातला. तो म्हणतो, मुद्दा माणूस लहान असण्याचा नाहीच. कपडे त्याचे नाहीत, चोरीचे आहेत, हा आहे. म्हणजे निम्मं छापून आलेलं होतं, आणि वाळल्याचं तर अण्णांनी त्याच्याही पुढचं सांगितलं होतं. ते ऐकायला अण्णा नव्हते.

तेव्हा ज्या वस्तूशी तुमच्या हाताची ओळख आहे, ती नाटकात शोधा. घरी शेती असेल तर डंकन मॅकबेथला म्हणतो ते बघा, मी तुला रोवलंय, वाढवीन. सुईण असेल तर शेवटचं कोडं तुमचंच आहे: बाईच्या पोटी जन्मलेला कोणीही मॅकबेथला मारू शकणार नाही, ते. कोणी म्हटलंय असं विचारलं तर ओळ दाखवा. शिरवाडकरांनी या नाटकाचं मराठीत 'राजमुकुट' केलं, म्हणजे अंगावर चढवायची वस्तू थेट नावातच आली. त्यांनाही कोणी संदर्भ मागितला असेल का?

परीक्षा तोंडावर असेल तर मात्र रक्त, झोप, अंधारच लिहा. कपड्यांवर मार्क मिळतील याची हमी मी देत नाही.

आणि स्पर्जनबाईंवर मी जरा अन्याय केला. नंतर त्यांचं ते पान स्वतः वाचलं. ढगळ, न बसणारा कपडा म्हणतानाच त्यांनी लगेच पुढे लिहिलंय, 'दुसऱ्या कुणाचा तरी'. सरांनी वाक्य अर्ध्यावरच तोडलं होतं.