न्यू जर्सीत एडिसन यांची कोणती प्रयोगशाळा पाहावी: मेन्लो पार्क की वेस्ट ऑरेंज?

वेस्ट ऑरेंज. मेन्लो पार्क आज ज्या नगरात मोडते त्याचे नावच एडिसन असून माझी मुलगी तेथे राहते, म्हणून मी दोन्ही ठिकाणे पाहिली. मेन्लो पार्कला १९३८चा स्मारक-मनोरा आणि लहानसे संग्रहालय आहे. १८७६मध्ये उभारलेली प्रयोगशाळा मात्र तेथे नाही. हेन्री फोर्ड यांनी १९२९मध्ये ती मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे पुन्हा उभी केली.

वेस्ट ऑरेंजला, १८८७च्या इमारतीत, लोक एडिसन यांचे ग्रंथालय आणि तेथील त्यांची खाट पाहून पुढे जातात. मी त्याच इमारतीच्या तळमजल्यावरील यंत्रशाळेत थांबलो. छताखालून फिरणारा शाफ्ट (लांब दंड), त्यावरच्या कप्प्या, लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, उतरणारे पट्टे. वरच्या मजल्यावर सूक्ष्म कामाची वेगळी यंत्रशाळा.

मी पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या कार्यशाळेत टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, होतो. एकदा निर्वात पात्राच्या (ज्यातली हवा काढून घेतात त्या भांड्याच्या) फ्लँजचे, म्हणजे जोडाच्या चकतीचे, ड्रॉइंग आले, त्यात ओ-रिंगच्या (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेची खोली रिंगच्या जाडीइतकीच दाखवली होती. अशाने रिंग दाबली जाणार नाही व गळती होईल, असे मी सांगितले. ड्रॉइंगप्रमाणेच करा, असे उत्तर मिळाले. गळती झाली. रविवारी येऊन मी कमी खोलीची खाच असलेला नवा फ्लँज कापला आणि पात्रात निर्वात टिकला. पुढे शोधनिबंधाच्या आभारात टंकलेखकाचे नाव होते, कार्यशाळेचा उल्लेखही नव्हता. विचारले तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, ‘कार्यशाळा ही सेवा आहे, संशोधन नव्हे.’

हे विधान चूक होते, आणि त्याचा पुरावा वेस्ट ऑरेंजच्या त्या इमारतीत आहे. कल्पनेला आकार देणारे हात शेजारीच असावेत, म्हणूनच एडिसन यांनी ग्रंथालय व यंत्रशाळा एका छताखाली ठेवल्या. त्याआधी, १८७७मध्ये, मेन्लो पार्कला त्यांच्या रेखाटनावरून पहिला फोनोग्राफ (आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र) घडवला तो जॉन क्रूसी या स्विस यंत्रकारागिराने. त्यामुळे आपण गेलात तर वेळ यंत्रशाळेत घालवा. ग्रंथालय दहा मिनिटांत पाहून होते.

एक मात्र मान्य करायला हवे की एडिसन यांच्या नावावर १,०९३ अमेरिकी पेटंटे आहेत आणि त्यांमागील अनेक कारागिरांची नावे त्या काळीही मागेच राहिली. शिवाय वेस्ट ऑरेंजचे स्थळ रोज उघडे नसते, तेव्हा वार पाहूनच निघावे.