मॅडम, त्यात पगार असतो का?

मी समुपदेशक. दहावी-बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे पालकांची लाट येते ती वेगळी. पण गेल्या दोन-तीन वर्षांत टीवाय, म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष, संपलेल्या मुलांचे आईवडील येतात आणि जवळपास त्याच शब्दांत विचारतात, "हा म्हणतो स्पोर्ट्स इव्हेंटमध्ये करिअर करायचं, पण मॅडम, त्यात पगार असतो का?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. नाव-गाव बदललंय आणि घरच्यांना विचारून लिहितेय.

त्याला निखिल म्हणू. बीकॉम, राहायला नाशिकच्या सिडकोत, शाळेत असताना रोज क्रिकेट, मग सिलेक्शन होईना तेव्हा बॅट माळ्यावर गेली. वडील अंबडला एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज. पहिल्या भेटीला तिघं आले आणि बोलले फक्त वडील. "मांडववाल्याचं काम करायला बीकॉम कशाला लागतं मॅडम?" आई पर्सची चेन उघडत होती, बंद करत होती.

एकटा भेटला तेव्हा निखिल म्हणाला, "मला आयपीएलच्या टीमबरोबरच काम करायचंय."

"बरोबरच. त्यातला 'च' काढून परत बोल बरं."

"...टीमबरोबर काम करायला आवडेल."

"आणि नाही जमलं तर?"

"मग काही अर्थच नाही ना मॅडम." परत च. दोघंही हसलो.

मी विवेकनिष्ठ विचारांची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेला चिकटवलेला हट्ट जास्त छळतो असं मी मानते, आणि मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो ही आपल्या भाषेची कृपा. दोन-तीन भेटी आम्ही त्या 'च'वर घालवल्या. आयपीएलच्या टीम दहा, त्यांचा कायमचा ऑफिस स्टाफ मोजका, बाकी गेट, बॅरिकेड, पास, पाहुण्यांची सोय, साउंड-लाइट ही कामं एजन्सी आणि त्यांच्याखालचे व्हेंडर करतात. म्हणजे दार एक बंद असलं तरी गल्ली भरपूर मोठी आहे. निखिलला प्रत्येकाचा स्ट्राइक रेट पाठ, पण मॅचच्या आदल्या रात्री मैदानावर कोण जागं असतं हे माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, आपल्या नाशिकच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ घेतलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्या शर्यतीत ट्रॅकच्या २५ फेऱ्या असतात, त्या मोजायला आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजवायला कुणीतरी उभं असतं की नाही? ते उभं राहणं आवडेल का तुला? तो बराच वेळ गप्प बसला. मला ती गप्प बसण्याची वेळ आवडते, मी मध्ये बोलत नाही.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या भेटीनंतर उत्साहाच्या भरात मी पुण्या-मुंबईच्या स्पोर्ट्स मॅनेजमेंट कोर्सेसची यादी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी फीचा आकडा पाहिला, कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली. पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही.

पुढच्या भेटीला मी बापलेकांना समोरासमोर बसवलं आणि निखिलला म्हटलं, त्या हाफ मॅरेथॉनचं सांग. तो तिथे व्हॉलंटियर होता, पाण्याच्या स्टेशनवर. मला आधी सांगताना त्याने दोन वाक्यांत उडवलं होतं, "पाणी वाटलं, बाकी काही नाही."

तर झालं असं. आदल्या रात्री रूटचा नकाशा बघताना त्याच्या लक्षात आलं की धावणारे त्याच्या स्टेशनवरून जाणार आणि वळून परतही तिथूनच येणार. आयोजकांनी ६०० रनर, प्रत्येकी दोन ग्लास, सव्वाशे मिलीचा ग्लास, म्हणजे १५० लिटर, म्हणून २० लिटरचे आठ जार सांगितलेले. हिशोब बरोबर, पण एकाच फेरीचा.

वडील इतका वेळ खिडकीकडे बघत होते. मान वळली. "मग?"

"मग अजून आठ जार लागणार होते. आमच्याकडच्या जारवाल्याला फोन केला, उधारीवर आणले."

"डिपॉझिट कुणी भरलं?"

"मीच. नंतर मिळालं."

"वरच्याला न विचारता आणले?"

"फोन केला पप्पा, उचलला नाही. मेसेज टाकला, ११:४० ला."

"आहे मेसेज?"

त्याने मोबाइल पुढे केला. वडिलांनी चष्मा लावला आणि वाचला. परत वर सरकवून पहिल्यापासून वाचला. मेसेजमध्ये रनर किती, फेऱ्या दोन, जार किती कमी, किती मागवतोय, पैसे कुणाचे, सगळं होतं. मग ते मला नाही, त्याला म्हणाले, "रिकामे जार मोजून परत केले का?" "१६ पैकी १५. एक फुटला." आणि मग वडील जे बोलले त्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय. "अरे, हे तर आमच्या शटडाउनचं प्लॅनिंग झालं." (शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना ठरवून बंद ठेवतात ते.)

पुढची वीस मिनिटं मी खोलीत नव्हतेच म्हणा ना. ग्लास टाकायचे डबे किती अंतरावर ठेवले, अँब्युलन्सला रस्ता होता का, मुलांच्या ड्युट्या कशा बदलल्या, बाप विचारतोय, पोरगा सांगतोय. बाहेर पुढची अपॉइंटमेंट ताटकळत होती, बसू दिली.

त्या रात्री मला माझंच कळलं. वडिलांचं "एक तारखेला पगार आलाच पाहिजे" हा मी हट्ट धरून चालले होते, त्यातलाही 'च' काढायला निघाले होते. पण ज्याचा घराचा हप्ता पाच तारखेला कटतो त्याचा तो हट्ट नसतो, साधा हिशोब असतो. आणि त्या हिशोबाच्या आड दुसरंच होतं: मुलगा नेमकं करणार काय, हे त्यांना दिसतच नव्हतं. त्यांना दिसत होतं ते स्टेज, लाइट आणि गळ्यात पास अडकवून काढलेले सेल्फी. सतरा वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर हे उमगलं, पण उमगलं याचा आनंद आहेच.

आता ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे त्यांच्यासाठी. पगार असतो का? एजन्सीत नोकरी लागली तर असतो, पण सुरुवातीला बहुतेक जण दिवसाच्या रेटवर काम करतात आणि ते पैसे इव्हेंट संपल्या संपल्या मिळत नाहीत, महिना-दोन महिने लागतात, कधी जास्तही. म्हणून रेट, तारखा, जेवण-प्रवास कुणाकडे हे कामाआधी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला असेल तर रिटर्न भरा, कापलेलं परत मिळू शकतं, कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं. पावसाळ्यात मोकळ्या मैदानावरची कामं आटतात, गर्दीचा सीझन दिवाळीनंतर ते मार्च, तेव्हा चार महिन्यांची कमाई बारा महिन्यांत पसरायला शिका. नाशिकमध्ये काही नाही असं मुलं म्हणतात ते मला पटत नाही. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने झालेत, सुला वाइनरीचा संगीत महोत्सव सुलाफेस्ट २००८ पासूनचा, जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय युवा महोत्सव आपल्या तपोवनात झाला, आणि २०२७ चा सिंहस्थ तर दारात उभा आहे, गर्दी कशी हलते हे शिकायला यापेक्षा मोठी शाळा कुठे मिळणार? ४ जून २०२५ ला बंगळुरूत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ माणसं गेली, त्यामुळे गेट, बॅरिकेड, बाहेर पडायचा रस्ता ही कामं हलकी समजू नका. पोलिसांची परवानगी, फायर ब्रिगेडची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, रात्री दहाचा लाउडस्पीकरचा नियम, ही फाइल ज्याला नीट जमवता येते त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. कोर्स करायचा तर जरूर करा, पण आधी पाच-सहा इव्हेंट उन्हात उभं राहून बघा, पाय दुखल्यावरही आवडतंय का ते कळेल. आणि पालकांनो, "पगार किती" विचाराच, फक्त त्याआधी एकदा "काल नेमकं काय केलंस" हे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

निखिलच्या घरी दीड वर्षाची मुदत ठरली. घरखर्चाला तो सुरुवातीला काही देणार नाही, पण मागणारही नाही, आणि दर महिन्याला जमा-खर्चाची वही वडिलांना दाखवायची. आईने एकच अट घातली, रात्री कितीही वाजले तरी निघताना फोन करायचा. आता चौदा महिने झालेत. तीन महिने कोरडे गेले, एका एजन्सीने दुसऱ्यांदा बोलावलं, मग तिसऱ्यांदाही. आयपीएलचं नाव हल्ली काढत नाही, अहमदाबादला २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स आहेत त्याबद्दल मात्र माझ्याशी तासभर बोलला. एका आयोजकाकडे त्याचे नऊ हजार अडकलेत. वडील रोज जेवणाच्या सुट्टीत त्या माणसाला फोन लावतात. मी दोनदा सांगितलं, तो फोन निखिलला करू द्या. ऐकलेलं नाही अजून.