(क्ष² − ५क्ष + ६) ÷ (क्ष − २) याचा डेरिव्हेटिव्ह १ कसा येतो?

तुमचं उत्तर (क्ष² − १४क्ष + १६) ÷ (क्ष − २)² येतंय, पुस्तकात मागे नुसता १ दिलाय, आणि आपल्याला डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, जमतच नाही असं तुम्ही लिहिलंय. तुमचं डिफरन्सिएशन बरोबर आहे. चूक बीजगणितात आहे, तीही एका कंसाची. अकरावी-बारावीच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय. लाल खूण सगळ्यात जास्त वेळा इथंच होते.

भागाकाराचा नियम सांगतो: छेद गुणिले अंशाचा डेरिव्हेटिव्ह, त्यातून वजा अंश गुणिले छेदाचा डेरिव्हेटिव्ह, आणि सगळ्याला छेदाच्या वर्गानं भागायचं. अंशाचा डेरिव्हेटिव्ह २क्ष − ५, छेदाचा १. म्हणजे वर येतं:

(क्ष − २)(२क्ष − ५) − (क्ष² − ५क्ष + ६)

इथपर्यंत तुम्ही अचूक आलात. पुढच्या ओळीत दुसरा कंस सोडवताना वजा फक्त क्ष² ला लागलं, −५क्ष आणि +६ कडे जाताना गडबड झाली. कंसाबाहेर वजा असलं की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं:

२क्ष² − ९क्ष + १० − क्ष² + ५क्ष − ६
= क्ष² − ४क्ष + ४
= (क्ष − २)²

खाली तेच आहे, म्हणून १.

माझा आग्रह एवढाच की गुणाकार करणं आणि कंस सोडवणं ही दोन कामं एकाच ओळीत करू नका. आधी गुणाकार करून दुसरा कंस जसाच्या तसा उतरवा, मग खालच्या ओळीत तो सोडवा. एक ओळ वाढते, पण चिन्ह हरवत नाही.

आता खरं तर या गणिताला तो नियम लागतच नाही. अंशाचे अवयव पाडा: मधलं पद −२क्ष आणि −३क्ष असं फोडलं की (क्ष − २)(क्ष − ३) मिळतात. क्ष − २ कटतो, उरतं य = क्ष − ३. त्याचा डेरिव्हेटिव्ह तोंडी सांगता येतो. डिफरन्सिएशनला हात घालण्याआधी मी नेहमी आधी सोपं रूप होतंय का ते पाहतो.

आणि उत्तर पडताळा. क्ष = ४ घातलं तर य १, ५ घातलं तर २, ६ घातलं तर ३. क्ष एकानं वाढला की य एकानंच वाढतो, मग चढ, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, १ च असणार. तुमच्या उत्तरात ४ घाला: −२४ ÷ ४, म्हणजे −६. वाढत्या रेषेचा चढ ऋण कसा असेल?

काही जण अंशाच्या डेरिव्हेटिव्हला सरळ छेदाच्या डेरिव्हेटिव्हनं भागून मोकळे होतात. असं चालेल का, हा प्रश्न कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझनंही १६७५ च्या टिपणांत स्वतःला विचारला होता आणि शेवटी नाही म्हटलं. तुम्हीही तपासा: तसं केलं तर २क्ष − ५ येतं, ४ घातल्यावर ३.

एक राहिलं. क्ष = २ ला मूळ अपूर्णांक शून्य भागिले शून्य होतो, त्यामुळे आलेख म्हणजे (२, −१) हा एकच बिंदू गळालेली सरळ रेषा. उत्तर लिहिताना १ च्या पुढे ‘क्ष ≠ २’ जरूर लिहा.