वाचकांचे प्रश्न : के-वनचा तोल, वल्ह्याची लांबी आणि शर्यतीची तयारी

शांत पाण्यावरच्या रेसिंग कयाकबद्दल आलेल्या पत्रांतली सहा पत्रं या अंकासाठी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत चार वर्षं वल्हं मारलंय, पोहायला उत्तम येतं. दोन महिन्यांपूर्वी कयाक क्लबात नाव घातलं. शिकाऊ बोटीत काहीच अडचण नाही, पण रेसिंग के-वनमध्ये बसलो की पाच मिनिटांत पाण्यात. वय ३४, वजन ७८ किलो. वय आडवं येतंय का? — सांगली

वय नाही, घाई आडवी येते. के-वन म्हणजे एकट्याची कयाक. नियमाप्रमाणे तिची लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर आणि वजन कमीत कमी १२ किलो. पाण्याला टेकणारी रुंदी मात्र जेमतेम चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. शर्यतीची होडी रुंद असते, पाठ-खांद्याच्या जोराने खेचलं तरी ती सोसते. तीच सवय इथे आणली की प्रत्येक हिसक्याला बोट कलते.

आधी सीटकडे बघा. सीट एक सेंटीमीटर खाली-वर केली तरी तोलात लगेच फरक कळतो. क्लबच्या बोटीत ती बहुधा आधीच्या खेळाडूसाठी उंच लावलेली असते. ती सगळ्यात खालच्या भोकांवर बसवा. तरीही डुगडुगत असेल तर सीट काढून तळावर दोन सेंटीमीटर फोम टाका आणि काही आठवडे त्यावरच बसा. एवढ्या खाली बसून वल्हं नीट चालत नाही हे खरं, पण सध्या आपल्याला तोल हवा आहे. बोटीच्या आत वजनाचा गट लिहिलेला असतो, तोही पाहा. ६५-७० किलोच्या खेळाडूसाठी बांधलेल्या बोटीत ७८ किलो बसले की ती खोल बसते आणि जड चालते.

मग बसण्याची पद्धत. बोट जेट्टीला समांतर, तोंड प्रवाहाच्या उलट, सुकाणू खोल पाण्यात. एक हात जेट्टीवर, दुसरा कॉकपिटच्या पलीकडच्या काठावर. पहिलं पाऊल सीटच्या पुढे, बरोबर मध्यरेषेवर. पाऊल एका बाजूला पडलं की खेळ तिथेच संपतो.

नवे लोक बहुतेक वेळा दोन फटक्यांच्या मधे पडतात, आणि तुमचंही तेच होत असणार. वल्हं पाण्यात असतं तोवर ते तिसऱ्या पायासारखा आधार देतं. भीती वाटली की माणूस थांबतो, वल्हं हवेत धरतो, श्वास रोखतो आणि खाली पाण्याकडे बघतो. सायकल हळू चालवली की डगमगते, तसंच हे आहे. नजर तीस-चाळीस मीटर पुढे ठेवा, फटके छोटे आणि सलग मारा, कमरेखालचं शरीर बोटीबरोबर मोकळं हलू द्या. गुडघे दाबून बोट "धरायला" गेलात की बोटीची प्रत्येक हालचाल खांद्यापर्यंत पोचते.

अख्खा सराव के-वनमध्ये करू नका. स्थिर बोटीत रोजचं अंतर पूर्ण करा आणि शेवटची दहा मिनिटं के-वनमध्ये बसा, तीही कंबरभर पाण्यात, काठाला धरून. थकलेलं आणि चारदा पडलेलं अंग फक्त ताठरपणा शिकतं. स्थिर बोटीत सहा किलोमीटर कुठेही वल्ह्याचा आधार न घेता जाता येऊ द्या, मागे वल्हवता येऊ द्या, वल्हं डोक्यावर धरून दहा सेकंद स्थिर बसता येऊ द्या. हे जमलं की के-वनमधला वेळ वाढवा.

प्रश्न : नदीत पडल्यावर बोट सरळ करून काठावर आणताना तिच्या मधोमध तडा गेला. चूक काय झाली? शिवाय जलपर्णी सुकाणूत सारखी अडकते. — पुणे

पाणी भरलेली बोट उचलली, ही चूक. कॉकपिटपर्यंत भरलेल्या के-वनमध्ये शंभर लिटरहून जास्त पाणी सहज असतं, म्हणजे शंभर किलोहून जास्त ओझं. पातळ फायबर किंवा कार्बनचं कवच ते पेलत नाही. पडल्यावर बोट सोडू नका आणि सरळही करू नका. उलटीच राहू द्या, आत हवा राहते. एका हातात वल्हं, दुसऱ्या हाताने बोटीचं टोक धरा आणि पाय मारत काठ गाठा. काठावर दोघांनी दोन टोकं धरायची. बोट आडवी करून आधी निम्मं पाणी जाऊ द्यायचं, मग उलटी करून एकेक टोक थोडंथोडं उचलायचं. पुढे आणि मागे हवेच्या पिशव्या फुगवून ठेवल्या तर आत पाणीच कमी शिरतं. क्लबच्या बोटींमध्ये या पिशव्या असतात, पण फुगवलेल्या आहेत का हे निघण्यापूर्वी हाताने दाबून बघा.

जलपर्णीची मुळं सुकाणूच्या पात्यावर लोंबली की बोट अचानक जड होते. थांबून तीन-चार उलटे फटके मारा, बहुतेक वेळा ती सुटतात. सुकाणू बोटीखाली असेल तर त्याच्या पुढे तळाला एक छोटा तिरका पंख बसवून घ्या, वेली त्यावरून घसरून जातात.

पावसाळ्यात हातापायाला जखम असताना मुळा-मुठेत उतरू नका. उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना "नदीच्या पाण्यात होतो" हे आधी सांगा, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) विचार वेळेत होईल. आणि खडकवासल्यातून विसर्ग सुरू असेल त्या दिवशी सराव बंद, त्याला अपवाद नको.

प्रश्न : ऑनलाइन २३० सेंटीमीटरचं कार्बन वल्हं घेतलं. महिन्यात उजवं मनगट दुखायला लागलं. माझी उंची पाच फूट चार इंच. क्लबमधले सगळे "विंग घ्या" म्हणतात. — ठाणे

२३० सेंटीमीटरचं वल्हं रुंद, सहलीच्या कयाकसाठी असतं. तुमच्या उंचीला रेसिंगचं विंग वल्हं २०८ ते २१२ पुरे. मोजायची सोपी पद्धत अशी : वल्हं उभं धरा आणि हात वर करा. बोटांची पेरं वरच्या पात्याच्या कडेवर जेमतेम वाकली पाहिजेत.

मनगट मात्र एकट्या लांबीमुळे दुखत नाही. दोन पाती एकमेकांशी कोनात असतात. तो कोन ६०-७० अंश असेल तर उजव्या हाताला दर फटक्याला दांडा फिरवावा लागतो, आणि मूठ आवळलेली असेल तर सगळा ताण मनगटाच्या मागच्या शिरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) येतो. तुमच्या वल्ह्याचा सांधा फिरता असेल तर कोन ४५ वर आणा. पकडीची जागाही ठरवून घ्या : दांडा डोक्यावर ठेवा, दोन्ही कोपर काटकोनात आले की हात जिथे आहेत तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळा. बहुतेकांचे हात त्यापेक्षा आत सरकलेले असतात. ढकलणाऱ्या हाताची बोटं सैल, जवळजवळ उघडी, आणि मनगट सरळ. मनगट हलवताना कुरकुर जाणवली किंवा आवाज आला तर वल्हं ताबडतोब बंद. तो शिरांच्या आवरणाचा दाह असतो. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीवर थांबू शकणारं दुखणं रेटत राहिल्यास महिनोन् महिने जातात.

विंग घ्यावं का? शर्यत करायची असेल तर हो, पण तंत्रासकट. १९८० च्या दशकात स्वीडनमधून आलेल्या या वल्ह्याचं पातं चमच्यासारखं खोलगट असतं आणि त्याची एक कड वळलेली असते. ते बोटीला चिकटून सरळ मागे ओढायचं नसतं. पाण्यात गेलं की ते आपणहून बाहेरच्या बाजूला सरकू पाहतं. त्याला जाऊ द्यायचं. सपाट पात्याच्या सवयीने बोटीलगत ओढलं तर ते थरथरतं, आणि तोल जातो.

फटका पायाच्या बोटांपाशी सुरू करा. पातं पूर्ण बुडेपर्यंत खेचू नका. बहुतेक नवशिके पातं अर्धं बुडालेलं असतानाच ओढतात आणि पाणी उडवतात. शिंतोडे उडाले म्हणजे जोर पाण्यात गेलाच नाही. उजवा फटका घेताना उजवा खांदा पुढे, उजवा गुडघा वाकलेला. खेचताना उजवाच पाय फूटरेस्टवर दाबायचा, गुडघा सरळ होत जातो आणि उजवा कूल्हा मागे सरकतो. ताकद इथून येते. हात फक्त दोरीचं काम करतो. पातं कुल्ह्याशी आलं की बाहेर. त्याच्याही मागे ओढत राहिलात तर पाणी वर उचललं जातं आणि बोटीची शेपटी दबते. फूटरेस्टचं अंतरही तपासा : पाय अगदी सरळ राहत असतील तर दाबायला जागाच उरत नाही, आणि मग बिचारे दंडच सगळं ओढतात.

प्रश्न : आठ आठवड्यांनी राज्यस्तरीय स्पर्धेत ५०० मीटर आहे. सध्याची वेळ २ मिनिटं ३० सेकंद. आम्ही गंगापूर धरणाच्या पाण्यावर सराव करतो, आठवड्यात पाच दिवस मिळतात. रोज ६ किलोमीटर जोरात मारतो, पण वेळ हलत नाही. — नाशिक

रोज तोच मधला वेग, म्हणून हलत नाही. सावकाश दिवस खरोखर सावकाश हवा आणि जोराचा दिवस त्याहून पुष्कळ जोराचा. पहिले चार आठवडे असे : दोन दिवस ८ ते १० किलोमीटर, मिनिटाला ६० ते ६६ फटके (दोन्ही बाजू मिळून). एक दिवस २ मिनिटांचे चार तुकडे, मधे १ मिनिट हलकं, असे तीन संच, संचांमधे ५ मिनिटं, फटके ७६ ते ८४. एक दिवस ३ मिनिटांचे सहा तुकडे. पाचव्या दिवशी फक्त तंत्र, बोटीच्या तळाभोवती रबरी दोरीत ओवलेला टेनिस बॉल अडकवून ५ किलोमीटर. बॉलमुळे बोट अडते आणि पातं नीट न धरल्यास लगेच कळतं.

पाचवा ते सातवा आठवडा : एक दिवस आठ वेळा २५० मीटर, मधे ३ मिनिटं. एक दिवस चार वेळा ५०० मीटर, मधे ८ मिनिटं. सावकाश दिवसांच्या शेवटी थांबलेल्या बोटीतून पंधरा-पंधरा फटक्यांचे आठ स्टार्ट. आठव्या आठवड्यात अंतर निम्मं, वेग तोच.

एक हिशेब जवळ ठेवा. १५० सेकंदांत ५०० मीटर म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर. मिनिटाला ९० फटके असतील तर एका फटक्याला २.२ मीटर. फटके १०० केले आणि वेग तोच राहिला, तर फटक्याला २ मीटरच पडतात : पातं घसरतंय, तुम्ही नुसते दमताय. अशा वेळी फटके पुन्हा ९० वर आणा आणि पकड सुधारा. जीपीएस घड्याळावर हे दर आठवड्याला लिहून ठेवा. मोजणी सकाळी लवकर, वारा सुटण्याआधीच करा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही.

प्रश्न : शर्यतीत बोट लेनबाहेर जाते. — नागपूर

लेन ९ मीटर रुंद असते, तरी बाजूचा वारा असला की शंभर मीटरमध्ये कड गाठली जाते. राष्ट्रीय स्पर्धा ज्या भोपाळच्या बड्या तलावावर अनेकदा होतात, तिथे उघड्या पाण्यावर हे हमखास घडतं. स्टार्टला वारा ज्या बाजूने येतोय तिकडे बोटीचं तोंड किंचित वळवून ठेवा. पुढे सुकाणू थोडं आणि लवकर वापरा, कारण सुकाणूची प्रत्येक हालचाल म्हणजे ब्रेक. वारा नसतानाही बोट एकाच बाजूला जात असेल तर सुकाणूच्या तारा सारख्या ताणलेल्या नाहीत. १००० मीटरपर्यंतच्या शर्यतींत शेजारच्या बोटीच्या लाटेचा फायदा घ्यायला मनाई आहे, तेव्हा लेनच्या मध्यातच राहा. संपल्यावर बोट वजनाला बोलावली जाऊ शकते, म्हणून किमान वजन भरावं यासाठी जादा वजन लावलं असेल तर ते पक्कं बसवलेलं हवं.

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडात रेडिंगला आहे. इथल्या क्लबने मॅरेथॉन शर्यतीत नवव्या विभागात नाव दिलं आहे. दुसऱ्याच्या लाटेवर बसायचं आणि बोट उचलून पळायचं, दोन्ही समजत नाही.

तिथे विभाग नऊ ते एक असे चढत जातात. सात ते नऊचं अंतर साधारण चार मैल, चार ते सहाचं आठ, एक ते तीनचं बारा. मॅरेथॉनमध्ये लाटेवर बसणं नियमात बसतं आणि तीच निम्मी शर्यत असते. पुढच्या बोटीच्या बाजूने तिरकी लाट निघते. तुमच्या बोटीची नाळ (पुढचं टोक) त्या खेळाडूच्या सीटच्या आसपास, बाजूला अर्ध्या-पाऊण मीटरवर ठेवा, वल्ही एकमेकांना लागू नयेत एवढंच. जागा बरोबर असली की फटका हलका लागतो आणि उतारावर असल्यासारखं वाटतं. पुढे सरकलात तर लाटेवर चढावं लागतं. मागे राहिलात तर लाट निसटते, आणि ती परत पकडायला पूर्ण जोराचे वीस-तीस फटके लागतात. त्या जागी नाळ सारखी आत-बाहेर ओढली जाते, म्हणून पायाने चालणाऱ्या सुकाणूवर पाय जागता ठेवा.

पोर्टेजला, म्हणजे बोट उचलून पळायच्या जागेला, वीस मीटर अलीकडे पायांचा पट्टा सोडवा, काठाला तिरके या, हात टेका, उभे राहा आणि मगच बोट उचला. बोट कॉकपिटच्या काठाला धरून काखेत किंवा खांद्यावर घ्या. उतरवताना सुकाणू दगडावर आपटू देऊ नका. अशा नद्यांत शेपटीच्या मागे लटकणारं, अडथळ्याला वर उडणारं सुकाणूच बरं. तुमच्या गावातूनच डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची शर्यत कालव्यातून थेम्समध्ये उतरते. तिच्यात ७७ पोर्टेज आहेत, म्हणून तिथले क्लब बोट उचलण्याचा वेगळा सराव घेतात. त्या सरावाला जरूर जा.

थेम्सवर जोराच्या प्रवाहाचा इशारा देणारे लाल फलक लागले असतील तर पाण्यावर जाऊ नका. पाणी १५ अंशांखाली गेलं की पडल्यावर पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तो पाण्याखाली घेतला जाऊ नये म्हणून लाइफ जॅकेट घालाच. बोटं गारठू नयेत म्हणून जाड हातमोजे घेऊ नका, पकड जाते. दांड्याभोवतीच बसणारे कापडी मोजे मिळतात, हात त्यांच्या आत घालून दांडा उघड्या बोटांनी धरता येतो.