गॅदरिंगच्या नाचातून मुलीला ऐनवेळी वगळलं, शाळेवर केस करता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी तिसरीत, शाळा घणसोलीत. महिनाभर कोळीनृत्याची तालीम झाली, ड्रेपरी आणि मेकअपचे पंधराशे रुपये शाळेने घेतले. रंगीत तालमीच्या दिवशी ताप होता म्हणून तुम्ही तिला घरी ठेवलंत. गॅदरिंगच्या दिवशी वाशीच्या भावे नाट्यगृहात ती नटूनथटून उभी, आणि मॅडम म्हणाल्या, फॉर्मेशन बदललंय, तिला आता घेता येणार नाही. आजी-आजोबा तिकडे खुर्च्यांत बसलेले. तुम्हाला शाळेला कोर्टात खेचायचं आहे.

मी ठाण्यात वकिली करते. डिसेंबर-जानेवारीत असे फोन येतातच, त्यामुळे स्पष्टच सांगते. निव्वळ नाच हुकला म्हणून नुकसानभरपाई मिळेल असं मला वाटत नाही. तो का हुकवला, यात काही सापडलं तर गोष्ट वेगळी.

सगळ्यांच्या तोंडी पहिल्यांदा ग्राहक मंच येतो (आता त्याला आयोग म्हणतात). फी भरली म्हणजे आम्ही ग्राहक, नाच बसवणं ही सेवा, ती नीट दिली नाही, असा साधा हिशोब. शिवाय २०१९ च्या कायद्याखाली जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. त्यामुळे मोह होतो. पण मनू सोलंकी प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि नुसता वर्गातला अभ्यास नाही, तर सहली, पोहणं, खेळ असे अभ्यासेतर उपक्रमही त्यातच धरले. अपवाद ठेवला तो कोचिंग क्लासचा. तो निकाल जुन्या १९८६ च्या कायद्याखालचा, आणि त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं. तरी शाळेचा वकील पहिल्याच तारखेला हाच कागद पुढे करणार. गॅदरिंगचा नाच त्या चौकटीत इतका चपखल बसतो की तुमच्या बाजूने वाद घालायला मलाही कष्ट पडतील.

हीच मुलगी शाळेबाहेरच्या डान्स क्लासला जात असती, तुम्ही वेगळी फी भरली असती आणि क्लासच्या वार्षिक शोमधून तिला काढलं असतं, तर मी तक्रार करा म्हटलं असतं. तिथे तुम्ही ग्राहक आहात हे सांगणं बरंच सोपं आहे. नवी मुंबईतल्या काही शाळा नाच बसवायला बाहेरचा कोरिओग्राफर आणतात. पण पैसे शाळेने घेतले असतील तर तुमचा व्यवहार शाळेशीच.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत लोक प्रॉमसाठीही (म्हणजे तिथल्या शाळांतल्या नाचाच्या पार्टीसाठीही) कोर्टात जातात. जातात, खरं आहे. २०१० मध्ये मिसिसिपी राज्यातल्या इटावांबा काउंटीत कॉन्स्टन्स मॅकमिलेन या विद्यार्थिनीला आपल्या मैत्रिणीला जोडीदार म्हणून न्यायचं होतं आणि टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा समारंभाचा सूट, घालायचा होता. शाळेने नकार दिला आणि मग प्रॉमच रद्द केला. फेडरल कोर्टाने तिच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला असं मान्य केलं, पण प्रॉम भरवा असा आदेश काही शाळेला दिला नाही. पुढे तडजोडीत शाळेने पस्तीस हजार डॉलर आणि वकिलांचा खर्च दिला. म्हणजे तिथेही पैसे मिळाले ते भेदभावाचे, नाच हुकल्याचे नाहीत.

आपल्याकडेही तेच बघावं लागतं. मूल अपंग आहे म्हणून वगळलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सरळ लागू होतं. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं त्यात म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के कोट्यातल्या मुलांना बाजूला ठेवलं, जातीवरून काही बोललं गेलं, तर मी स्वतः पाठपुरावा करा म्हणेन. 'गोऱ्या मुली पुढच्या रांगेत' हा प्रकार मात्र सर्रास चालतो, सगळ्यांना दिसतो, आणि सिद्ध करायला गेलं की हाती काही लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मानसिक त्रास देण्यावर बंदी आहे. तुमच्या मुलीला चारचौघांत बोलून अपमान करून हाकललं असेल तर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येईल. नुसतं 'फॉर्मेशन बदललं' एवढ्यावर ते टिकणं कठीण. शिवाय शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, तेही बघा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अशा शाळांना हा कायदा लागू होत नाही.

मला विचाराल तर त्या मॅडम चुकल्या. तालमीला एक दिवस न आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला शेवटच्या रांगेत उभं करायला काय लागतं? आदल्या दिवशी एक फोन केला असता तरी पोरीला गजरा माळून घरी परतावं लागलं नसतं. पण चूक आणि दावा यांत अंतर आहे. दिवाणी दाव्यात नुकसान पैशांत दाखवावं लागतं, आणि तुमच्या हातात आज पंधराशे रुपयेच आहेत.

तेवढे मात्र सोडू नका. मुख्याध्यापिकांच्या नावाने साधं मराठीत पत्र लिहा: तारीख, काय घडलं, वगळण्याचं कारण लेखी द्या, ड्रेपरीचे पैसे परत करा. ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पैसे भरल्याची पावती नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा वर्गाच्या ग्रुपवरचा 'अमुक तारखेपर्यंत पैसे पाठवा' हा मेसेज जोडा. तापाच्या दिवशी डायरीत किंवा मेसेजवर कळवलं होतंत ना? तो पुरावा सगळ्यात महत्त्वाचा, कारण शाळा 'न सांगता गैरहजर' असंच म्हणणार. वकिलाची नोटीस आत्ताच पाठवू नका. एकदा ती गेली की मुख्याध्यापिका बोलायच्या बंद होतात आणि संस्थेचा वकील बोलू लागतो, आणि मुलगी तर उद्याही त्याच वर्गात बसणार आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विषय मांडा. शुल्क नियमनाच्या २०११ च्या राज्याच्या कायद्याने हा संघ प्रत्येक खाजगी शाळेत असायलाच हवा, आणि समितीत प्रत्येक इयत्तेचे पालक असतात. दुसऱ्या कुणाच्या मुलालाही असंच वगळलं असेल तर दोघांनी मिळून लिहा, वजन पडतं. त्यानंतरही काही झालं नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. बऱ्याचदा शाळा त्या टप्प्याआधीच पैसे परत करते आणि पुढच्या कार्यक्रमात मुलीला घेते.

आणि गॅदरिंगच्या व्हिडिओचे पैसे आधीच कापून घेतले असतील, तर तेही त्याच पत्रात परत मागा.