हेल्थ सायन्सची पदवी घेऊन पेशंट तपासता येतात का? नसेल तर काम कसलं मिळतं?

नाही, सर्वसाधारण हेल्थ सायन्सच्या पदवीवर पेशंट तपासता येत नाहीत. त्यासाठी परवाना लागतो आणि तो नर्सिंग, फिजिओथेरपी, वैद्यकशास्त्र अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना जोडलेला असतो. या पदवीत शरीररचनेबरोबर साथरोगशास्त्र (आजार लोकांमध्ये कसे पसरतात याचा अभ्यास), जैवसांख्यिकी (आरोग्याच्या माहितीला लावलेलं संख्याशास्त्र), आरोग्य धोरण शिकवतात, म्हणून कामंही त्याच बाजूची: हॉस्पिटल प्रशासन, क्लिनिकल ट्रायलचं (नव्या औषधांच्या किंवा उपचारांच्या माणसांवरील चाचण्यांचं) समन्वयन, आरोग्यशिक्षण, आजारांच्या आकडेवारीचं विश्लेषण (साथरोगतज्ज्ञ व्हायला सहसा पुढे मास्टर्सही लागतं). संख्याशास्त्र टाळू नका. कंटाळवाणं वाटलं तरी यातल्या बऱ्याच कामांत तेच लागतं. मात्र काही विद्यापीठं याच नावाखाली रेडिओग्राफीसारखे परवाना मिळवून देणारे कोर्सही चालवतात, तेव्हा प्रवेशाआधी त्या कोर्सला परवाना देणाऱ्या कौन्सिलची मान्यता आहे का ते तपासा.